नव्वद टक्के सूट आली कुठून? सेलमधल्या जुन्या गेमची पार्श्वभूमी

मे २०१७ मध्ये स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात ‘ॲलन वेक’ या गेमला नव्वद टक्के सूट लागली. सोबत एक सूचना होती: काही दिवसांतच हा गेम विक्रीतून काढला जाणार आहे. फिनलंडच्या रेमेडी कंपनीने २०१० मध्ये आणलेल्या या गेममध्ये गाजलेली गाणी होती, त्यांच्या परवान्यांची मुदत संपत आली होती, आणि परवाना नसताना विक्री करता येत नाही. ज्यांनी तेव्हा घेतला त्यांच्या खात्यात तो राहिला. ‘पुढच्या सेलला बघू’ म्हणणाऱ्यांना ऑक्टोबर २०१८ पर्यंत थांबावं लागलं. तेव्हा परवान्यांचं नूतनीकरण झालं आणि गेम परत आला. गाण्यांचे हक्क मिळाले म्हणून तो आला. सगळ्यांच्या नशिबात तसं नसतं.

सेल लागला की आपण जुन्या गेमकडे बघून एकच विचारतो: याहून खाली येईल का? मला वाटतं, हा प्रश्न पंधरा वर्षांपूर्वी बरोबर होता, आज तो दुय्यम आहे. आधी विचारायचं ते हे, की हा गेम पुढेही मिळेल का, आणि मिळाला तरी चालेल का. असं का झालं ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

गेमच्या किमती पहिल्यांदा मातीमोल झाल्या त्या अमेरिकेत, १९८३ मध्ये. अटारी या गेम कंपनीच्या यशामागे धावत ज्याने त्याने कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात खोचायच्या गेमच्या डब्या, काढली होती आणि दुकानांत न खपलेल्या मालाचे ढीग लागले होते. तीस-पस्तीस डॉलरची कार्ट्रिज पाच डॉलरच्या टोपलीत येऊन पडली. त्यात नव्या, पूर्ण किमतीच्या गेमकडे कोणी बघेना आणि अख्खा धंदाच बसला. त्या सप्टेंबरमध्ये अटारीने न खपलेला माल ट्रकांत भरून न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरला. २०१४ मध्ये तिथे खोदकाम झालं तेव्हा ती कार्ट्रिज खरोखरच वर निघाली. पुढे बरीच वर्षं या धंद्याच्या मनात पडेल भावाची भीती होती: किंमत पाडली की माल संपला असं लोक समजतात.

ब्रिटनमध्ये पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, नेमका उलटा विचार झाला. मास्टरट्रॉनिक नावाच्या कंपनीने १ पौंड ९९ पेन्सला कॅसेटवरचे गेम विकायला सुरुवात केली. दुकानं कसली, तर वर्तमानपत्रं आणि गोळ्या-बिस्किटं मिळतात ती. शाळकरी पोराच्या खाऊच्या पैशांत गेम बसू लागला. मोठ्या कंपन्यांनी मग आपले दोन-तीन वर्षांपूर्वीचे गाजलेले गेम स्वस्त आवृत्तीत काढायची रीत पाडली. निन्टेंडोने १९९६ मध्ये ‘प्लेअर्स चॉइस’ आणि सोनीने १९९७ मध्ये ‘ग्रेटेस्ट हिट्स’ या नावाखाली तेच केलं. जुनं म्हणजे टाकाऊ नव्हे, ते आधीच पारखलेलं आहे, हा विचार इथे रुजला. आजही सेलमध्ये जुना गेम घेण्याचं सगळ्यात चांगलं कारण हेच आहे. दहा वर्षं लोकांनी खेळून त्याचे दोष आणि गुण दोन्ही उघडे केलेले असतात, दुरुस्त्या होऊन गेलेल्या असतात, वाढीव भाग बहुतेकदा त्याच किमतीत येतात.

आपल्याकडे या इतिहासाचा एक मोठा तुकडा गळून गेला. नव्वदच्या दशकात आणि नंतरही जुना गेम, नवा गेम असा भेदच नव्हता, कारण सगळे एकाच भावात मिळत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, प्लास्टिकच्या पाकिटातल्या सीड्यांची थप्पी चाळायची आणि हवी ती उचलायची. ‘व्हाइस सिटी’ आपल्यापैकी कितीतरी जणांनी पहिल्यांदा सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने खेळली. त्या सीड्या कोणाच्या हक्कावर पाय देऊन बनत होत्या हे तेव्हा कळत नव्हतं. पण त्यामुळे एक सवय लागली नाही: एखाद्या गेमची किंमत हळूहळू उतरताना बघायची, आपल्या खिशाच्या पातळीवर आली की घ्यायची. ती सवय लागायला स्टीम यावं लागलं.

वॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने स्टीम सुरू केलं १२ सप्टेंबर २००३ रोजी, मुख्यतः आपल्या गेमना दुरुस्त्या पोचवण्यासाठी. २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ची सीडी विकत घेऊनही स्टीम आणि इंटरनेट लागतंच म्हटल्यावर जगभर लोक चिडले होते. आपल्याकडे २००५ साली बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं ते २५६ केबीपीएसचं. त्या वेगाने चार जीबीचा गेम उतरवायला, लाइन एकदाही न तुटता, दीड दिवस लागतो. पुढे रात्री दोन ते सकाळी आठपर्यंत मोफत डेटाचा प्लॅन आला आणि गजर लावून उठून डाउनलोड सुरू करणारी एक पिढी तयार झाली. मी त्यातलाच.

इतर कंपन्यांचे गेम स्टीमवर २००५ पासून येऊ लागले, आणि मग वॉल्व्हने असा प्रयोग केला ज्याने १९८३ ची भीती पुसली. फेब्रुवारी २००९ मध्ये लास व्हेगासला गेम उद्योगाच्या डाइस परिषदेत वॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी आकडे मांडले. दहा टक्के सूट दिली तर विक्रीची रक्कम ३५ टक्क्यांनी वाढली; पंचवीस टक्क्यांना २४५, पन्नास टक्क्यांना ३२०, आणि पंचाहत्तर टक्के सूट दिली तेव्हा तब्बल १,४७० टक्क्यांनी. ही वाढ नगांची नव्हती, पैशांची होती. म्हणजे किंमत चतुर्थांश केल्यावर गल्ला पंधरापटीच्या आसपास गेला. दुकानांतली विक्रीही त्यामुळे घटली नाही, असं त्यांनी सांगितलं. डिजिटल प्रतीला गोदाम नाही, छपाई नाही, परत येणारा माल नाही. खाली कुठवर जायचं याला तळच उरला नाही.

तिथून पुढची पाच-सहा वर्षं सेल म्हणजे जत्रा होती. उन्हाळ्याचा आणि नाताळाचा असे दोन मोठे सेल, त्यात रोज बदलणारे सौदे, काही तासांचे ‘फ्लॅश’ सौदे, लोकांच्या मतदानाने ठरणारे सौदे. तेव्हाचा अनुभवी सल्ला असा: यादीतला गेम रोजच्या सौद्यात आला तर घे, नाहीतर शेवटच्या दिवसापर्यंत हात लावू नकोस. आज घेतलेला गेम उद्या आणखी निम्म्या भावात दिसला की जीव हळहळायचा. ‘याहून खाली येईल का?’ हा आपला प्रश्न त्या दिवसांचा वारसा आहे. मे २०१० मध्ये आलेल्या हंबल इंडी बंडलने तर ‘वाटेल ते द्या’ म्हणत पाच-सहा चांगले गेम एकत्र दिले आणि बारा लाख डॉलरहून जास्त जमवले.

या घाईचा परिणाम २०१४ मध्ये मोजला गेला. आर्स टेक्निका या नियतकालिकाने स्टीमच्या खात्यांची नमुना पाहणी करून अंदाज काढला, की नोंदलेल्या सुमारे ७८ कोटी गेमपैकी ३७ टक्के गेम एकदाही उघडले गेलेले नाहीत. विकत घेतलेले, आपल्या नावावरचे, आणि धूळ खात पडलेले.

२०१५ हे वळणाचं वर्ष ठरलं. जूनमध्ये स्टीमने परताव्याचा नियम आणला: खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. आता काही तासांपुरत्या सौद्यांना अर्थच राहिला नाही, कारण महाग घेतलेला गेम परत करून स्वस्तात पुन्हा घेता येऊ लागला. त्याच वर्षीच्या शरद सेलपासून फ्लॅश सौदे गेले आणि सेलभर एकच भाव राहू लागला. जत्रेची मजा गेली असं अनेकांना वाटलं. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. जुन्या गेमसाठी तर तो दोन तासांचा अवधी म्हणजे देणगीच आहे: आपल्या मशीनवर तो उघडतो का, पडद्यावर नीट बसतो का, कंट्रोलर ओळखतो का, हे सगळं पहिल्या अर्ध्या तासात कळतं.

२०१५ च्याच अखेरीला भारतातल्या स्टीमवर किमती डॉलरऐवजी रुपयांत दिसू लागल्या. बरेच प्रकाशक भारतासाठी कमी भाव ठेवत, काही सरळ डॉलरचा गुणाकार करत. ऑक्टोबर २०२२ मध्ये वॉल्व्हने देशोदेशीच्या सुचवलेल्या किमती नव्याने ठरवल्या आणि काही गेमची मूळ किंमत वर सरकली. म्हणून सवलतीची टक्केवारी फसवी ठरू शकते. पंच्याहत्तर टक्के सूट तीच, पण हातातून जाणारे रुपये जास्त. स्टीमडीबी या किमतींची नोंद ठेवणाऱ्या साइटवर कुठल्याही गेमचा रुपयांतला किमतीचा आलेख मिळतो. टक्क्यांपेक्षा त्याकडे बघावं. मोठे सेल आता वर्षातून चार असतात, वसंतातला २०२३ पासून. शरदाचा सेल पूर्वी नोव्हेंबरच्या अखेरीला असे, २०२५ मध्ये तो २९ सप्टेंबर ते ६ ऑक्टोबर असा आला आणि नेमका दसरा त्यात पडला. चारदा येणाऱ्या गोष्टीची घाई करायची नसते. भाव परत येतोच.

परत येईलच असं नसतं ते गेमचं.

जुना गेम तीन-चार वाटांनी हातातून जातो. एक वाट कुलपाची. सीडीवरच्या नकलेला आळा घालायला सेफडिस्कसारखी कुलपं असत. २०१५ मध्ये विंडोज १० ने त्याला आधार देणं बंद केलं आणि कपाटातल्या अस्सल सीड्या मुक्या झाल्या. दुसरी वाट मधल्या सेवांची. मायक्रोसॉफ्टच्या ‘गेम्स फॉर विंडोज लाइव्ह’वर टेकलेले गेम ती सेवा खंगल्यावर अडकले. २००८ चा ‘फॉलआउट ३’ वर्षानुवर्षं स्टीमवर विकला जात होता, पण नव्या विंडोजवर खटपटीशिवाय सुरू होत नसे. ती अट निघाली ऑक्टोबर २०२१ मध्ये. ‘जीटीए ४’ने तर सगळंच भोगलं. एप्रिल २०१८ मध्ये परवाने संपल्यामुळे त्यातली अनेक गाणी काढली गेली, जानेवारी २०२० मध्ये त्या सेवेच्या चाव्या, म्हणजे गेम सुरू करायचे कोड, बनवता येईनात म्हणून विक्रीच थांबली, आणि मार्चमध्ये तो परतला तो मल्टिप्लेअर गमावून. तिसरी वाट सर्व्हरची. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा २०१४ चा गाड्यांचा गेम. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि एकट्याने खेळायचा भागसुद्धा संपला. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी राहिली आणि युरोपीय संघाकडच्या तिच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदा लागू आहे: ‘खरेदी’ म्हणून प्रत्यक्षात परवाना विकत असाल तर तसं स्पष्ट सांगा. स्टीमच्या कार्टमध्ये ती ओळ ऑक्टोबर २०२४ पासूनच दिसते.

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये अभ्यास मांडला, त्यानुसार अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत.

या ओहोटीविरुद्ध जे उभे राहिले त्यांत गॉग हे ऑनलाइन दुकान पहिलं. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने २००८ मध्ये ‘गुड ओल्ड गेम्स’ या नावाने ते सुरू केलं, तेव्हा भाव दोनच: ५.९९ आणि ९.९९ डॉलर. या कंपनीचे संस्थापक वॉर्साच्या संगणक बाजारात सीड्या विकत मोठे झालेले, म्हणजे आपल्या लॅमिंग्टन रोडची परिस्थिती त्यांनी अंगावर घेतली होती. नकलेशी लढायचं तर अस्सल माल नकलेइतका सोपा हवा, हे ते तिथे शिकले. म्हणून गॉगवर कुलूप नाही. इन्स्टॉलरची फाइल उतरवून घ्यायची, आपल्या डिस्कवर ठेवायची, इंटरनेट नसतानाही चालवायची.

हक्कांचा गुंता सोडवणं त्याहून अवघड. ‘सिस्टम शॉक २’ १९९९ चा; बनवणारा स्टुडिओ २००० मध्ये बंद पडला आणि हक्क एका विमा कंपनीकडे जाऊन पडले. मध्य अमेरिकेत प्रवासात असताना स्टीफन किक यांना तो खेळावासा वाटला आणि त्यांच्या लॅपटॉपवर तो चालेना. त्यांनी त्या विमा कंपनीला गाठलं, नाइटडाइव्ह हा स्टुडिओ काढला आणि २०१३ मध्ये गेम गॉगवर पुन्हा विकायला आणला.

म्हणून सेल लागला की मी यादी भावाप्रमाणे लावत नाही. ज्यात खऱ्या गाड्या, खरी गाणी, सिनेमातली पात्रं आहेत ते गेम आधी बघतो, कारण त्यांचे परवाने मुदतीचे असतात. ‘फोर्झा होरायझन ४’ डिसेंबर २०२४ मध्ये विक्रीतून गेला, त्याआधी त्यावर ऐंशी टक्के सूट होती. त्याहून चांगला भाव आता कधीच येणार नाही. सतत इंटरनेट मागणारा जुना गेम शंभर रुपयांतही घेत नाही. ज्यांना कसलाच धोका नाही, ते खुशाल पुढच्या सेलला. आणि एखादा गेम दोन्हीकडे असेल तर थोडे जास्त देऊनही गॉगवरून घेतो, त्याच रात्री इन्स्टॉलर उतरवून बाहेरच्या डिस्कवर टाकतो.

‘नो वन लिव्ह्ज फॉरेव्हर’ हा २००० सालचा हेरगिरीचा गेम मात्र आजवर कुठल्याच सेलमध्ये आलेला नाही. त्याचे हक्क नक्की कोणाकडे, हे संबंधित कंपन्यांनाच ठामपणे सांगता आलेलं नाही. तो परत आणा म्हणून गॉगवर लोक वर्षानुवर्षं मतं नोंदवत आहेत. त्यात एक माझंही आहे.