शेताला बीपी होत नाही

केळीच्या रावेर-यावलकडे सरोगसीचा, म्हणजे दुसऱ्याचं मूल आपल्या पोटात वाढवून देण्याचा विषय निघाला की कुणीतरी केळीचा दाखला देतंच. टिश्यू कल्चरचं रोप लॅबमध्ये तयार झालं, शेताने ते नुसतं वाढवलं, मग घड ज्याचं रोप त्याचा. हिशोब सोपा वाटतो, पण शेताला बीपी होत नाही.

आपल्या कायद्यात सरोगेट बाईचं स्वतःचं स्त्रीबीज वापरायला मनाई आहे. भ्रूण बाहेर तयार होतो आणि बहुधा पाचव्या दिवशी तिच्या गर्भाशयात सोडतात. त्यासाठी आधी इस्ट्रोजेन देऊन अस्तर जाड केलं जातं, मग गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन सुरू होतं. भ्रूण रुजला तरी ते लगेच बंद करत नाहीत. वार (प्लॅसेंटा) हे काम अंगावर घेईपर्यंत, म्हणजे बऱ्याचदा दहा-बारा आठवडे ते चालतं. तेलातलं इंजेक्शन असेल तर टोचलेल्या जागी गाठी होतात, बसणं नकोसं होतं.

एरवी पोटातल्या बाळाची निम्मी जनुकं आईचीच असतात. इथे भ्रूण त्या बाईला पूर्ण परका. तरी त्याची वार तिच्या गर्भाशयाच्या भिंतीत शिरते आणि रक्तवाहिन्या रुंद करून घेते. ही जुळणी फसली की बीपी चढतो, आणि परकेपणाचा यात हात असावा असा तज्ज्ञांचा संशय आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओत २०१२ ते २०२१ मधल्या आठ लाखांहून अधिक बाळंतपणांची नोंद तपासली गेली. आईला गंभीर त्रास होण्याचं प्रमाण नैसर्गिक गर्भधारणेत २.३ टक्के, आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब पद्धतीत) ४.३ आणि सरोगेट बायांत ७.८ टक्के निघालं. जास्तीचा रक्तस्राव, तीव्र बीपी, जंतुसंसर्ग असले त्रास.

आपल्याकडे वाद मात्र पैशावर रंगला. गुजरातमधलं आणंद पैसे घेऊन होणाऱ्या सरोगसीसाठी जगभर गाजलं. २००८ मध्ये तिथे जन्मलेल्या मांजी या जपानी दांपत्याच्या मुलीचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, कारण ती जन्मण्याआधीच दांपत्य विभक्त झालं होतं. २००९ मध्ये विधी आयोगाने व्यापारी सरोगसी बंद करा, परोपकारी राहू द्या, असं सुचवलं. २०१९ च्या विधेयकात तर सरोगेट जवळच्या नात्यातलीच हवी अशी अट होती. राज्यसभेच्या प्रवर समितीने ती काढायला लावली, ते बरं झालं. २५ जानेवारी २०२२ पासून कायदा लागू आहे. सरोगेट विवाहित, स्वतःचं मूल असलेली, २५ ते ३५ वयाची हवी, तेही आयुष्यात एकदाच. तिला वैद्यकीय खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा मिळतो. मेहनताना दिला तर तुरुंगवास.

नात्याची अट कागदावरून गेली खरी. पण फुकट नऊ महिने द्यायला परकी बाई येणार कुठून? खान्देशातल्या एकत्र कुटुंबात नजर वळते देरानीकडे, म्हणजे धाकट्या जावेकडे. जेठानीला, थोरल्या जावेला, मूल नाही, धाकटीला दोन आहेत, वाटणी अजून झालेली नाही, आणि सासू म्हणते, "घरनं घरमाच राही." आता त्या देरानीने नाही म्हणायचं कसं? शिवाय ती मजुरीला जाणारी असेल तर कापूस वेचणीचा हंगाम बुडतो, आणि सिझेरियन झालं तर पुढचे काही आठवडे ओझं उचलायला बंदी. बुडालेली मजुरी भरून देणं म्हणजे व्यापार, हे मला पटत नाही. आणंदचा बाजार काही गोरगरीब बायांच्या भल्यासाठी भरला नव्हता, हेही तितकंच खरं.

कायद्याप्रमाणे भ्रूण सोडण्याआधी तिला संमती मागे घेता येते. ही मुभा खरी करायची तर तिला अहिराणीत, एकटीला बसवून विचारायला हवं. बाई डॉक्टरने, आणि सासू, नवरा, जेठानी तिघांना दाराबाहेर ठेवून.