वॉटरप्रूफिंग केलेल्या भिंतीला ड्रिल मारायचं का?

पावसाळा सरला की खानापूर-बेळगावकडं घरोघरी ओलीची कामं निघतात आणि भिंत रंगवून झाली की प्रश्न येतो, आता टीव्हीचा स्टँड लावायचा कसा? एक जण म्हणतो भोक पाडलं की सगळं केमिकल वाया, दुसरा म्हणतो काही होत नाही ओ. ट्रीटमेंट कुठली केलीय, हे मात्र कुणी विचारत नाही, आणि सगळं त्यावरच आहे.

जांभ्याच्या चिऱ्यात किंवा विटेत केसाहून बारीक नळ्या असतात, वात तेल ओढते तसं त्यातून पाणी वर चढतं. १७१८ च्या सुमारास इंग्लिश शास्त्रज्ञ जेम्स ज्युरिनने दाखवलं की नळी जितकी बारीक तितकं पाणी उंच. त्रिज्या १ मिलिमीटर असेल तर जेमतेम दीड सेंटिमीटर, ०.०१ मिलिमीटर असेल तर हिशेबाने जवळपास दीड मीटर! आता गंमत बघा, ओल रोखायला भिंतीत इंजेक्शनने सोडतात ते सिलेन-सिलोक्सेन (सिलिकॉनच्या जातीचं) केमिकल नळी बुजवतच नाही, फक्त तिच्या आतल्या बाजूला पाण्याचा स्पर्शकोन (पाणी पृष्ठभागाला ज्या कोनात टेकतं तो) ९० अंशांच्या वर नेतं, त्या कोनाचा कोसाइन ऋण झाला की ज्युरिनच्या सूत्रातली पाण्याची उंचीच ऋण होते, म्हणजे नळी पाणी ओढायच्या ऐवजी मागे ढकलते, आणि वाफ मात्र बाहेर पडत राहते.

हे इंजेक्शन जमिनीपासून वीतभर उंचीवर दिलेलं असतं. चार फुटांवर ड्रिल मारलं तर त्या पट्ट्याला धक्काही लागत नाही, खाली स्कर्टिंगचे स्क्रू तेवढे टाळा. पण आतून वॉटरप्रूफ कोटिंग मारलं असेल तर तो थर काही मिलिमीटरचाच, ड्रिल आरपार जातं. ८ मिलिमीटरचं भोक स्वतः पाणी फारसं ओढत नाही, ते त्यासाठी फार रुंद आहे, ओढते ती आत राहिलेली बारीक पूड. शिवाय लोखंडी स्क्रू गंजला की गंज लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि प्लास्टर फुगतं. म्हणून पूड फुंकून काढा, भोकात पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा, मग गिट्टी (स्क्रू धरणारा प्लग) आणि स्टेनलेस स्टीलचा स्क्रू. मागे मातीचा भराव असलेल्या भिंतीला मात्र ड्रिल नकोच, तिथं पाणी दाबाने येतं.

ट्रीटमेंटनंतरही डाग दिसला की लोक वास्तुदोष काढतात, पूजा घालतात, ते सोडा. जमिनीतून आलेले नायट्रेट-क्लोराइड क्षार प्लास्टरमध्ये उरतात आणि हवेतली ओल ओढतात. तसलं पोपडे धरलेलं प्लास्टर आधी काढून नवं करा, त्यात गिट्टी धरत नाही.