मिश्रणाचे गणित: फुली आधी की 'क्ष' आधी?

दहावीला दोन चलांतील रेषीय समीकरणे शिकून आलेला मुलगा स्पर्धा परीक्षेच्या क्लासात बसतो, तेव्हा मिश्रणाचे उदाहरण 'क्ष' न मानता सोडवायला त्याला सांगतात. एका बाजूला स्वस्त तांदळाचा भाव, दुसऱ्या बाजूला महागाचा, मधोमध हवा तो भाव, आणि तिरप्या रेषांवर वजाबाक्या. 40 आणि 60 रुपये किलोचे तांदूळ मिसळून 45 रुपयांचा माल हवा, तर 60 − 45 = 15 आणि 45 − 40 = 5, म्हणजे स्वस्त आणि महाग 3:1. काम संपले. क्लासवाले याला 'अ‍ॅलिगेशन' म्हणतात, मुले 'फुली'. शाळेतल्या शिक्षकांना ही फुली फारशी आवडत नाही आणि त्यावरचा वाद बराच जुना आहे.

फुली हा क्लासवाल्यांचा शोध मात्र नव्हे. भास्कराचार्यांच्या 1150 मधल्या 'लीलावती'त मिश्रव्यवहार या प्रकरणात सुवर्णगणित येते, त्यात ती जवळजवळ जशीच्या तशी आहे. सोन्याचा कस तिथे वर्णात मोजला आहे आणि 16 वर्ण म्हणजे शुद्ध सोने. 16 आणि 10 वर्णांच्या दोन गोळ्या वितळवून 12 वर्णाचे सोने झाले, तर प्रत्येकीचे वजन किती? रीत अशी: मोठ्या वर्णातून हवा तो वर्ण वजा करा, उरले 4; हव्या वर्णातून लहान वजा करा, उरले 2. चार भाग हलक्या सोन्याचे, दोन भाग भारी सोन्याचे. शेषांना हव्या त्या संख्येने गुणा, तेवढी उत्तरे. एकूण वजन दिलेले नसेल तर उत्तरे अगणित, हे तिथे स्पष्ट मांडले आहे. आजच्या कित्येक गाइडांत ते सापडत नाही.

त्याआधीचे उदाहरण मला अधिक शिकवणारे वाटते. 13, 12, 11 आणि 10 वर्णांचे अनुक्रमे 10, 4, 2 आणि 4 माषे सोने एकत्र केले (माषा हे सोन्याचे जुने वजन). वर्ण आणि वजन यांच्या गुणाकारांची बेरीज 240, एकूण 20 माषे, म्हणून वर्ण 12. आता हेच सोने शुद्ध करून 16 माषे उरले तर वर्ण 15. वजन घटले तरी 240 हलत नाही. मिश्रणाच्या समीकरणात डावीउजवीकडे आपण जे मांडतो ते हेच न हलणारे राशिमान. याच ग्रंथकाराच्या बीजगणितात अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावे आहेत. तरी सोन्याच्या हिशेबाला त्याने ती लावली नाहीत. व्यवहारासाठी सूत्र आणि अज्ञात राशींसाठी बीज, अशी विभागणी त्याला पुरेशी वाटली असावी.

युरोपातही 1202 च्या सुमारास नाण्यांच्या धातूमिश्रणाचे हिशेब पुस्तकात आले. पुढची काही शतके व्यापारी अंकगणितात घटकांच्या जोड्या रेषांनी बांधून दाखवत. तीन-चार घटक असले की जोड्या कशाही बांधता येत आणि प्रत्येक बांधणीतून वेगळे उत्तर निघे. एक अट आणि तीन अज्ञात म्हटल्यावर दुसरे काय होणार?

आपल्याकडे गेल्या शतकात मोठा फरक पाडला तो मापांनी. मणाचे 40 शेर, रुपयाचे 16 आणे, आण्याच्या 12 पया; मिश्रणाचे उदाहरण म्हणजे निम्मे कष्ट रूपांतराचे. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक मापे. आकडेमोड हलकी झाली आणि उदाहरणाचा खरा पेच उघडा पडला. मधेच जानेवारी 1963 मध्ये 14 कॅरेटहून चढ्या सोन्याचे दागिने घडवण्यावर बंदी आली. 22 कॅरेटचे 10 तोळे 14 वर आणायला किती तांबे? 22 × 10 = 14 × (10 + क्ष), क्ष साधारण 5.71 तोळे. सराफांच्या पोटावर पाय आणणाऱ्या नियमाने वर्गाला मात्र झकास उदाहरण दिले.

आता वादाकडे. फुलीच्या बाजूने बोलणारे वेळ दाखवतात, आणि 2011 पासून केंद्रीय नागरी सेवांच्या पूर्वपरीक्षेत सीसॅट हा अभिक्षमता चाचणीचा पेपर आल्यावर त्यांचा आवाज चढला. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण फुली दोन ओळींत निघते. अ आणि ब हे दोन भाव, क हवा तो भाव, क्ष आणि य ही वजने मानली तर अ × क्ष + ब × य = क × (क्ष + य), म्हणून क्ष × (अ − क) = य × (क − ब). या दोन ओळी ज्याने लिहिल्या त्याला फुली पाठ करावी लागत नाही. ज्याने नुसती पाठ केली तो 40 लिटर दुधातून तीनदा 4 लिटर काढून तेवढेच पाणी घातल्यावर अडतो. तिथे दर वेळी नऊ दशांश दूध उरते, शेवटी 29.16 लिटर. म्हणून शाळेने समीकरण आधी ठेवले ते योग्यच. चुकले एवढेच, की पुढे फुली त्यातून काढून दाखवली नाही.

'टक्के' हा शब्दही गोंधळ घालतो. वजनाचे टक्के की आकारमानाचे? सोने वजनावर चालते, तिथे अडचण नाही. पण 50 मिली अल्कोहोल आणि 50 मिली पाणी मिसळले तर 100 मिली भरत नाही, सुमारे 96 भरते. औषधनिर्माणाच्या विद्यार्थ्यांना फुली अजून शिकवतात: 95 टक्के अल्कोहोलपासून 60 टक्क्यांचे 1000 मिली करायला 631.6 मिली घ्या. उरलेले 368.4 मिली पाणी मोजून ओतले तर द्रावण कमी भरेल. त्यामुळे कृतीत पाण्याचा आकडा देत नाहीत. 1000 च्या खुणेपर्यंत पाणी घाला, एवढेच लिहितात.