व्हीलचेअरचं चित्र काढलं म्हणजे बागेची ओळख झाली?

दिव्यांग मुलांनाही खेळता येईल अशा बागेचा लोगो करायचा म्हटलं की एक समजूत हमखास पुढे येते: निळ्या चौकोनात व्हीलचेअर काढा, भोवती भडक रंग भरा, झालं काम. तसं नाही.

ते चिन्ह १९६८ साली सुझॅन कोफोएड या डॅनिश विद्यार्थिनीनं रेखाटलं. तेव्हा त्याला डोकंही नव्हतं, नुसती खुर्ची होती; डोक्याचं वर्तुळ मागाहून जोडलं गेलं. सोय कुठे आहे, एवढंच ते सांगतं. बाग कुणाची, ते नाही. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. स्वमग्न किंवा ऐकू न येणारं मूल त्या खुर्चीत स्वतःला कसं शोधणार?

भडक रंगांचंही तेच. हिरव्या पाटीवरची लाल अक्षरं रंगांधळ्या मुलाला पाटीतच विरघळल्यासारखी दिसू शकतात. गडद निळ्यावर पिवळं मात्र चटकन उठतं. अक्षरं साधी, ठसठशीत हवीत. नक्षीदार देवनागरीत अनुस्वार नि मात्रा आधी हरवतात. आणि पाटी कृपा करून मुलांचा हात पोहोचेल इतकी खाली लावा. लोगोत समजा झोपाळा आहे; त्याचं चित्र बोटांना जाणवेल असं उंचावलेलं असलं, की न दिसणारं मूलही दोऱ्यांवरून बोट फिरवत फळीपर्यंत येतं.