झिजलेल्या गुडघ्यात मूळपेशींचं काय होतं?

पर्वती चढताना दम लागतो, पण गुडघे कुरकुरतात ते उतरताना. बर्लिनमधल्या संशोधकांनी काही रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यातच भार मोजणारी यंत्रणा बसवली, तेव्हा याचा हिशेब मिळाला. सपाटीवर चालताना गुडघ्यावर वजनाच्या अडीच पटींहून थोडा जास्त भार येतो, जिना उतरताना जवळजवळ साडेतीन पट. तो झेलते हाडांच्या टोकांवरची कूर्चा, जेमतेम काही मिलिमीटर जाडीची.

या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, वेदना पोहोचवणाऱ्या नसाही नसतात. पेशी अगदी थोड्या. बाकी सगळं पाणी, कोलॅजेनचं जाळं आणि पाणी धरून ठेवणारे मोठे रेणू. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनचा माग काढून २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की मोठेपणी हे कोलॅजेन जवळपास नव्याने बनतच नाही. विशीत असलेलं जाळंच सत्तरीत पुरवायचं असतं.

कूर्चा एकदा गेली की परत येत नाही, असं शरीररचनेचे अभ्यासक विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच लिहून ठेवलं होतं. म्हणजे तिथे दुरुस्ती करणारं कुणी नाहीच, असा समज बराच काळ टिकला. २००४ मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफच्या गटाला वासरांच्या कूर्चेच्या अगदी वरच्या थरात मूळपेशींसारख्या, म्हणजे विभाजित होऊन नव्या पेशी घडवू शकणाऱ्या स्टेम सेलसारख्या पेशी सापडल्या आणि प्रश्नच बदलला. पेशी आहेत, तर मग त्या करतात काय?

ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांच्या झिजेचा आजार, सुरू होतो तेव्हा बहुतेकदा आधी खरवडला जातो तो हाच वरचा थर. सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी कूर्चेचा सॅफ्रॅनिनने रंगवलेला काप लालभडक दिसतो, पेशी सुट्या सुट्या. आजार वाढलेल्या कापात लाली फिकी पडते, पृष्ठभागाला चिरा जातात आणि चिरांच्या कडेला एरवी एकेकट्या राहणाऱ्या पेशींचे पुंजके दिसू लागतात. पेशी पुन्हा विभाजित होत आहेत, याची ती खूण. दुरुस्तीची धडपड सुरू असते.

शेवटच्या टप्प्यात तर या पेशी दुर्मीळ नसतात. गुडघा बदलताना काढून टाकलेल्या कूर्चेतून जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या गटाने २००९ मध्ये अशा पेशी वेगळ्या केल्या. त्या जागा बदलत सरकत होत्या. पण गुळगुळीत कूर्चेऐवजी त्यांचा कल तंतुमय ऊतकाकडे होता. पेशीला हाडाच्या वाटेने नेणारं RUNX२ हे जनुक दाबल्यावर त्याच पेशी कूर्चेचे घटक अधिक बनवू लागल्या. २०१७ च्या कार्डिफच्या अभ्यासात आजारी कूर्चेतल्या अशा पेशींचा एक गट लवकर म्हातारा होताना आढळला.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते: झिजलेला गुडघा पेशींनी ओस पडलेला नसतो, तिथल्या पेशी भरकटलेल्या असतात. सांध्यातली सूज आणि चुकीचा भार त्यांना भलत्याच कामाला लावतात. पुण्यात ‘स्टेम सेलचं इंजेक्शन घेऊ का?’ असं विचारणारे आता बरेच भेटतात. बाहेरून सोडलेली पेशीही त्याच सुजलेल्या सांध्यात जाऊन पडणार, हे त्यांनी लक्षात घ्यायला हवं. पेशी कुठून घेतल्या, उपचाराला औषध नियंत्रकांची मान्यता आहे की ही नोंदणीकृत चाचणी आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं.

पेशींना वाट दाखवण्याचे प्रयत्नही चालू आहेत. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने उंदरांत पेशींच्या वाढीला चालना देणारं एक प्रथिन (वाढघटक) देऊन आणि दुसरं रोखून हाडातल्या मूळपेशींकडून कूर्चा बनवून घेतली. माणसांत FGF१८ या वाढघटकावर आधारलेल्या स्प्रिफर्मिन या औषधाची मोठी चाचणी झाली. सर्वाधिक मात्रा घेणाऱ्यांत दोन वर्षांतला कूर्चेच्या जाडीतला बदल प्लासिबो (औषध नसलेलं, पण तसंच दिसणारं इंजेक्शन) घेणाऱ्यांपेक्षा सरासरी ०.०५ मिलिमीटरने सरस होता, पण वेदनेत लक्षणीय फरक दिसला नाही. कूर्चेत नसाच नाहीत. दुखतं ते सभोवतालच्या अस्तरातून आणि खालच्या हाडातून. त्यामुळे आज रुग्णाच्या हाती असलेले उपाय म्हणजे मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन घटवणं. एका अभ्यासानुसार एक किलो वजन घटलं, की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो.