सोर्स कोड घेताना खरेदी आपल्याच खात्यातून करा

बुकिंग आणि बिलिंगच्या आमच्या प्रणालींचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामची मूळ लिखित संहिता, आम्ही कोडकॅनियन या ऑनलाइन बाजारपेठेतून विकतो. डाउनलोड करणे, सर्व्हरवर चढवणे या गोष्टी आपल्याला किंवा आपल्या डेव्हलपरला ठाऊक आहेत, असे येथे गृहीत धरले आहे. हे पत्रक एकाच चुकीविषयी आहे, कारण तिच्यापायी आपलेही दिवस वाया जातात आणि आमचेही.

ती चूक म्हणजे डेव्हलपरच्या खात्यातून खरेदी होऊ देणे. संकेतस्थळ करून देणारा फ्रीलान्सर स्वतःच्या खात्यातून कोड घेतो, काम पुरे करतो आणि वर्षभराने फोन उचलेनासा होतो. मग होस्टिंगवाल्याने सर्व्हरवरील पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेची आवृत्ती बदलली की प्रणाली अडते, आणि आपण आम्हाला लिहिता की पैसे आम्हीच भरले होते, नवी आवृत्ती पाठवा. आपले म्हणणे खरे असते. बाजारपेठेच्या रेग्युलर, म्हणजे साध्या, परवान्यानुसार डेव्हलपर एका ग्राहकासाठी एकच उत्पादन (उदा. एक संकेतस्थळ) तयार करून देऊ शकतो आणि त्याबरोबर परवानाही त्या ग्राहकाकडे जातो. मात्र डाउनलोडची सोय ज्या खात्यातून खरेदी झाली तिथेच राहते आणि ती दुसरीकडे हलवणे आमच्या हाती नसते.

म्हणून आम्ही प्रत्येक तक्रारीसोबत, मधल्या रेघा धरून 36 चिन्हांचा, परचेस कोड म्हणजे त्या खरेदीचा ओळख क्रमांक मागतो. त्यावरून कोणती प्रणाली घेतली, परवान्याचा प्रकार, खरेदीची तारीख आणि सपोर्टची मुदत आम्हाला कळते. काहींना ही अडवणूक वाटते. परंतु ओळख न पटवता फाइल देत गेलो, तर रीतसर पैसे भरून कोड घेणाऱ्यांवर तो अन्याय होईल. खरेदी आधीच झाली असेल, तर डेव्हलपरला शेवटचा हप्ता देण्यापूर्वी त्याच्या डाउनलोड पानावरून परवान्याचे प्रमाणपत्र उतरवून घ्यावे. परचेस कोड त्यातच असतो.

परवान्याच्या प्रकाराबद्दलही विचारणा होते. आपल्या हॉटेलातील खोल्यांचे भाडे प्रणालीतून घेण्यास रेग्युलर परवाना पुरतो, पण तीच प्रणाली इतर हॉटेलांना मासिक शुल्कावर वापरायला द्यायची असल्यास एक्स्टेंडेड, म्हणजे विस्तारित, परवाना लागतो. दोन्ही परवाने एकाच उत्पादनापुरते असतात आणि दोन्हींत कोडची मालकी मिळत नाही. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार संगणक प्रणाली ही साहित्यकृतीत मोडते आणि कलम 19 प्रमाणे तिच्या हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीनिशीच व्हावे लागते. ज्यांना पूर्ण हक्क हवे असतात, त्यांच्यासाठी आम्ही बाजारपेठेत न ठेवता स्वतंत्र प्रणाली लिहितो आणि तसा करारही करून देतो. त्याचा दर अर्थातच वेगळा असतो.

खरेदीसोबत 6 महिन्यांचा सपोर्ट मिळतो आणि तो 12 महिन्यांपर्यंत वाढवता येतो. शंका आणि कोडमधील दोष त्यात येतात; प्रणाली बसवून देणे आणि तीत बदल करणे येत नाही. ही कामे आम्ही अंदाजपत्रक देऊन स्वतंत्रपणे करतो. आपल्या नावाने खाते उघडून योग्य परवाना निवडताना मदत हवी असल्यास खरेदीपूर्वी आम्हाला अवश्य लिहावे. त्यासाठी आम्ही शुल्क घेत नाही.