घोणस, काचेची नळी आणि तालुक्याचा दवाखाना

सर्पदंशाची प्रत्येक केस सरकारला कळवणं बंधनकारक करा, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यांना सांगितलं. ते वाचून आमच्या सांगलीकडच्या एका डॉक्टर मित्राने हात जोडले, "म्हणजे अजून एक फॉर्म!" संशोधनाला मिरजेचं मेडिकल कॉलेज आहे, आम्ही पेशंट बघायचे की कागद, हे त्याचं नेहमीचं पालुपद. त्याची ओपीडी मी पाहिली आहे, त्यामुळे वैताग कळतो. म्हणणं मात्र पटत नाही. शिराळ्याच्या भातखाचरात किंवा वाळव्याच्या उसाच्या फडात घोणस चावली की माणूस बहुधा आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात येतो. दंशानंतरच्या पहिल्या काही तासांत काय घडतं ते तिथल्याच डॉक्टरला दिसतं. कॉलेजातल्या प्रोफेसरांच्या हाती पेशंट येतो तोवर निम्मी गोष्ट होऊन गेलेली असते.

बरं, ते पाहायला यंत्र काय लागतं? काचेची नळी आणि घड्याळ. पेशंटचं दोनेक मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या टेस्टट्यूबमध्ये घ्यायचं, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग नळी एकदाच कलती करायची. रक्ताची गुठळी झाली असेल तर रक्तापुरतं तूर्त ठीक. पाण्यासारखं वाहिलं, तर विष रक्तात भिनलंय आणि एएसव्ही, म्हणजे सर्पविषावरची प्रतिलस, सुरू करायची.

मला या चाचणीतली काच फार आवडते. रक्त गोठतं ते एकामागून एक जाग्या होणाऱ्या प्रथिनांच्या साखळीमुळे. काचेच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. त्याला चिकटून फॅक्टर बारा जागा होतो, तो अकराला उठवतो, अकरा नवाला, नऊ दहाला. दहा नंबर प्रोथ्रॉम्बिनचं थ्रॉम्बिन करतो आणि थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे विणतं. घोणशीचं विष वरच्या पायऱ्या गाळून थेट दहाला आणि त्याच्या मदतनीस पाचाला उठवतं. फुरसं त्याहून खाली उतरून प्रोथ्रॉम्बिनलाच हात घालतं. म्हणजे 'विषाने रक्त पातळ होतं' असं आपण म्हणतो, तेव्हा सुरुवातीला घडत असतं ते बरोबर उलटं: शरीरभर रक्त गोठू लागतं. बारीक गुठळ्या होतात, विरघळतात, त्यात फायब्रिनोजेनचा साठा संपतो आणि नळीत गोठायला काही उरतच नाही.

आता नळी प्लॅस्टिकची घेतली तर? किंवा काचेचीच, पण साबणाच्या पावडरीने धुतलेली? फॅक्टर बारा नीट जागा होत नाही. धडधाकट माणसाचं रक्तही २० मिनिटांत गोठेलच असं नाही. मग ज्याला धामण चावली त्यालाही एएसव्हीच्या दहा-दहा बाटल्या चढतात. घोड्याच्या रक्तापासून केलेलं हे औषध, त्याची रिॲक्शन जिवावर बेतू शकते. म्हणून शंका आली की त्याच गठ्ठ्यातल्या दुसऱ्या नळीत नातेवाइकाचं किंवा वॉर्डबॉयचं रक्त घ्यायचं. तेही वाहिलं, तर दोष पेशंटचा नाही, नळीचा.

संशोधन म्हणतात ते ही दुसरी नळीच आहे. मांत्रिकाकडे ती नसते. आपल्याकडचे बरेच साप बिनविषारी आणि विषारी सापही प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असं नाही. त्यामुळे मंत्र न घालताही पुष्कळ जण बरे होणारच होते. मंत्र न घातलेल्यांची वही कुणी ठेवत नाही, म्हणून यश मांत्रिकाच्या नावावर जमा होतं. तीच गत 'माझ्या हाताला गुण आहे' म्हणणाऱ्या डॉक्टरची आणि परवा कुणीतरी मला दाखवलेल्या, फोटोवरून साप ओळखणाऱ्या एआय ॲपचीही. चुकलेले किती, हे विचारलं की विषय बदलतो.

अशी दुसरी नळी छोट्या दवाखान्यातही ठेवता येते. महाबळेश्वरचा घाट उतरून पोलादपूरवरून महाड. तिथे डॉ. हिंमतराव बावसकरांनी आपल्या छोट्या दवाखान्यात विंचूदंशाच्या ७० रुग्णांचे दोन गट केले. कोण कुठल्या गटात, हे डॉक्टरच्या मर्जीवर ठेवलं नाही. एका गटाला नुसतं प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध, दुसऱ्याला प्राझोसिन आणि विंचवाची प्रतिलस. १० तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात ३५ पैकी ८, दुसऱ्यात ३२. लस निरुपयोगी असती तर बरे झालेले ४० जण साधारण २०-२० असे वाटले गेले असते. दोन-चार इकडे-तिकडे होतात, ते सोडून देऊ. योगायोगाने आकडा साधारण किती इकडे-तिकडे होतो त्याचं माप, म्हणजे प्रमाण विचलन, इथे येतं सुमारे २.१. म्हणजे २० ऐवजी ३२, हा १२ चा फरक जवळजवळ पावणेसहा विचलनांचा. निव्वळ योगायोगाने असं दहा लाखांत एकदाही होणार नाही. २०११ मध्ये हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं.

आपल्याकडच्या वह्यांचं दुखणं वेगळं आहे. दंशाची वेळ कोरी, बाहेर काय उपचार केला ते कोरं आणि शेवटी 'रेफर'. पुढे तो जगला की गेला, कुणाला ठाऊक? गंभीर पेशंट बाहेर गेला की त्या दवाखान्याच्या कागदावर सर्पदंशाने कुणी मरतच नाही! २००० ते २०१९ या काळात देशात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशाने गेली, हा अंदाज तरी कुठून आला? गेलेल्यांच्या घरच्यांना विचारून. दवाखान्यांच्या नोंदींतून तो निघालाच नसता.

एका पावसाळ्यापुरतं तीन ग्रामीण रुग्णालयांनी ठरवावं. प्रत्येक पेशंटचं रक्त नव्या काचेच्या नळीत, धुतलेल्या नळीत आणि लॅबमधल्या प्लॅस्टिकच्या प्लेन बल्बमध्ये, म्हणजे आत काही न घातलेल्या नळीत, घ्यायचं आणि २० मिनिटांनी तिन्हींचा निकाल लिहायचा. औषध द्यायचं की नाही हे नव्या नळीवरूनच ठरवायचं. एएसव्हीनंतर सहा तासांनी पुन्हा चाचणी, कारण गोठवणारी प्रथिनं नव्याने बनवायला यकृताला साधारण तेवढा वेळ लागतो. रात्री दोन वाजता ती वेळ आली तर नळी सिस्टरच बघणार, तेव्हा निकालावर सहीही तिचीच हवी. एथिक्स कमिटीची परवानगी मात्र आधी घ्यावी लागेल. तेवढ्यापुरती मिरजेची एक चक्कर. आणि रेफर केलेल्या प्रत्येक पेशंटच्या घरी तिसऱ्या दिवशी एक फोन. मित्राला हे सांगितलं, तर त्याने विचारलं, "फोनचा रकाना फॉर्ममध्ये कुठे आहे?"